'इज बीइंग बिल्ट' कुठून आले?

शाळेत पॅसिव्ह व्हॉइसचा तक्ता पाठ करून घेतात. त्यात 'द हाउस इज बीइंग बिल्ट' असतेच. तक्ता पाहून वाटते, सगळी रूपे एकदमच जन्मली. तसे नाही, मंडळी. 'इज बिल्ट' या धर्तीची रचना हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही सापडते. 'इज बीइंग बिल्ट' मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागले.

मग त्याआधी लोक काय म्हणत? 'द हाउस इज बिल्डिंग'. म्हणजे घर बांधणीत आहे. आज कोणी विद्यार्थ्याने असे लिहिले तर लाल शाईची रेघ ठरलेली! पण जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त ही जुनी रचना आहे, आणि ती चूक नव्हे. आपणही 'भाजी शिजते आहे' म्हणतोच ना? भाजी स्वतःला शिजवत नाही, हे ऐकणाऱ्याला कळते.

अडचण येते ती माणसांपाशी. घर काही बांधायला उठत नाही, तिथे घोटाळा नाही. पण 'द बॉय इज बीटिंग' म्हटले तर? पोरगा मारतोय की मार खातोय? नव्या रूपाने हा गोंधळ मिटवला. १७९५ साली कवी साउदीने एका पत्रात ते वापरले आहे, तेही न्हाव्याकडून दाढ उपटून घेणाऱ्या माणसाबद्दल. तिथे जुने रूप घातले असते तर दाढच काहीतरी उपटते आहे असे वाटले असते!

विद्वान मात्र खवळले. अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७० च्या 'वर्ड्‌स अँड देअर यूझेस'मध्ये या रूपावर हल्ला चढवला. 'इज' आणि 'बीइंग' ही एकाच क्रियापदाची रूपे, ती शेजारी ठेवणे म्हणजे 'असणे असते' म्हणण्यासारखे, असा त्यांचा मुद्दा. तर्क म्हणून तो ठीकच होता. पण बोलणारे त्यासाठी थांबले नाहीत. माझ्या मते व्हाइट यांनी सुटे शब्द तपासले. लोकांनी सबंध वाक्याचा अर्थ पाहिला.

त्याच तक्त्यात एक घर अजून रिकामे असते. 'हॅज बीन बीइंग बिल्ट' नियमाने बनते, इंग्रज क्वचित म्हणतोही. आपली पाठ्यपुस्तके तिथे 'रूप होत नाही' असे लिहून मोकळी होतात.