शेतसारा, सरकारी खर्च आणि रयतेचा जाब : इंदापूर-सुपे परिसराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कर देणाऱ्याला कराचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. सामान्यतः या तत्त्वाचा उगम विसाव्या शतकातील लोकशाही राज्यघटनेत किंवा माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात शोधला जातो. परंतु पुणे जिल्ह्यातील भीमा, नीरा आणि कऱ्हा या नद्यांच्या दरम्यानचा मुलूख पाहिला असता या प्रश्नाची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जातात, असे दिसून येते. मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीचा प्रारंभ इंदापूर तालुक्यात झाला आणि दख्खनच्या दंग्यांची ठिणगी सुपे येथे पडली. या दोन घटना एकाच परिसरात, अवघ्या चाळीस वर्षांच्या अंतराने घडल्या. एकीचा अभ्यास महसुलाच्या इतिहासात होतो, दुसरीचा सावकारी कर्जाच्या इतिहासात. प्रस्तुत लेखात या दोहोंना जोडणाऱ्या दुव्याचा, म्हणजे वसूल झालेला पैसा कोठे जातो व त्याचा जाब कोण देतो या प्रश्नाचा, विचार केला आहे.

इंदापूरची जमाबंदी : चुकलेल्या हिशेबाची किंमत

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर कंपनी सरकारने पुणे जिल्ह्यातील जमिनीची पाहणी व मोजणी हाती घेतली. हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताचा प्रिंगलवर प्रभाव होता. लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यावा, असे सूत्र त्याने ठरविले. कागदावर हे सूत्र शास्त्रशुद्ध होते. प्रत्यक्षात मोजणी सदोष ठरली, निव्वळ उत्पन्नाचे अंदाज भरमसाट निघाले आणि कनिष्ठ कामगारांच्या लाचखोरीमुळे जमिनीची प्रतवारी विश्वासार्ह राहिली नाही. याच सुमारास धान्याचे भाव उतरले. इंदापूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात याचे परिणाम सर्वाधिक तीव्र झाले. थकबाकी साचत गेली, दरवर्षी सूट द्यावी लागली, जमिनी पडीक पडल्या आणि अनेक कुटुंबे शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली.

या अपयशानंतर एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरातच नव्याने जमाबंदी केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे तात्त्विक गणित बाजूस ठेवले. पूर्वीच्या वसुलीचा अनुभव, जमिनीचा मगदूर, हवामान आणि बाजारपेठेचे अंतर यांचा विचार करून दर उतरविले व ते तीस वर्षांसाठी कायम केले. न परवडणारा नंबर राजीनामा देऊन सोडण्याची मुभा रयतेला मिळाली. या पद्धतीला १८४७ च्या संयुक्त अहवालाने सर्वमान्य रूप दिले आणि ती इलाखाभर लागू झाली. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली.

या प्रसंगातील एक बाब विशेष लक्षणीय आहे. प्रिंगलच्या चुकीची दुरुस्ती झाली ती रयतेच्या तक्रारीची दाद म्हणून नव्हे. वसूल बुडू लागला म्हणून झाली. हिशेब चुकला हे सरकारने मान्य केले, पण तो तपासण्याचा अधिकार रयतेला दिला नाही. पुढील अर्धशतकातील असंतोषाचे बीज येथे आढळते.

१८६७ ची फेरआकारणी आणि खर्चाची बाजू

तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात फेरआकारणी करण्यात आली आणि साऱ्यात मोठी वाढ झाली. पाठोपाठ भीमथडीसह जिल्ह्यातील इतर तालुक्यांतही नवे दर आले. भाव वाढले, रेल्वे आली, लागवड विस्तारली, म्हणून सारा वाढविणे न्याय्य आहे, असा सरकारी युक्तिवाद होता. तो सर्वस्वी निराधार नव्हता. रेल्वे १८५८ मध्ये पुण्यास व १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली होती. परंतु भाववाढीचे एक प्रमुख कारण अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१-६५) हे होते. ते संपल्यावर कापसाचा भाव कोसळला आणि त्या तेजीवर उभी असलेली पतही ढासळली. तेजीच्या वर्षांवर आधारलेला सारा मंदीच्या वर्षांत रोखीने भरण्याची वेळ रयतेवर आली.

आकारणीचा हा इतिहास परिचित आहे. त्याच काळातील खर्चाची बाजू मात्र क्वचितच त्याच्याशेजारी मांडली जाते. रेल्वे कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरून दिली जात असे. खर्च कितीही वाढला तरी कंपनीचे व्याज सुरक्षित राहत असल्याने काटकसरीचे कारणच उरले नव्हते. १८६७-६८ च्या अॅबिसिनियाच्या मोहिमेत गेलेल्या हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. ज्या १८६७ साली इंदापूरचा सारा वाढला, त्याच साली लंडनमध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ इंडिया ऑफिसमध्ये झालेल्या समारंभाचा खर्चही हिंदुस्थानच्या नावे पडला. ब्रिटिश संसदेत हेन्री फॉसेट यांनी या खर्चावर कठोर टीका केली. इंदापूरच्या शेतकऱ्याला ही नोंद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या साऱ्याच्या पावतीवर खर्चाची बाजू छापलेली नसे.

लोकल फंड : गावचा पैसा, साहेबाची समिती

साऱ्याखेरीज रयतेला लोकल फंडाची पट्टीही द्यावी लागे. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा घेण्याच्या या पद्धतीला १८६९ च्या कायद्याने अधिकृत स्वरूप दिले. या रकमेचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी आणि उर्वरित भाग रस्ते व इतर स्थानिक कामांसाठी होता. हा पैसा गावातून गोळा होऊन गावाच्या सोयीसाठी खर्च व्हावा, हा घोषित उद्देश होता. तथापि, खर्च ठरविणाऱ्या समित्यांवर कलेक्टर व इतर अधिकारी यांचे वर्चस्व असे आणि बिनसरकारी सभासद सरकारनियुक्त असत. सारांश, पट्टी भरणाऱ्याला मत नव्हते.

या विसंगतीवर महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके बोट ठेवले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येतो. शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र मुख्यतः उच्चवर्गीयांना मिळतो. ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही त्यांनी पट्ट्यांचे ओझे आणि कामगारवर्गाचे मोठे पगार यांचा परस्परसंबंध मांडला. कर किती घेतला यासोबतच तो कोणावर खर्च झाला हा प्रश्न त्यांनी विचारला, हे त्यांच्या अर्थविचाराचे वैशिष्ट्य होय.

पुणे सार्वजनिक सभा : मुखत्यारपत्राचे राजकारण

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी निर्माण झालेल्या असमाधानातून या संस्थेचा जन्म झाला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. देवस्थानच्या पंचांकडे हिशेब मागणारे नागरिक लवकरच सरकारकडे हिशेब मागू लागले. सभासद होण्यासाठी किमान पन्नास व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणण्याची अट सभेने घातली. ज्या काळात कोणत्याही कायदेमंडळात हिंदी लोकांचा निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता, त्या काळात प्रतिनिधित्वाचा हा प्रयोग विलक्षण होता.

गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि १८७१ मध्ये पुण्यास आलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या मार्गदर्शनाखाली सभेने दख्खनमधील शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. तिचा अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात फेरआकारणीने केलेली साऱ्यातील वाढ अवाजवी असल्याचे प्रतिपादन करण्यात आले. १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातली : संपूर्ण तालुक्यात ३३ टक्के, एका गावात ६६ टक्के आणि एका खातेदारावर १०० टक्के यांहून अधिक वाढ होऊ नये. खातेदाराचा सारा दुप्पट होणे ही ‘मर्यादा’ मानली गेली, यावरूनच आधीच्या वाढीची कल्पना यावी. १८७५ मध्ये सभेने ब्रिटिश संसदेत हिंदी प्रतिनिधी असावेत अशी मागणी करणारा अर्ज केला. कर आणि प्रतिनिधित्व यांचा संबंध जोडण्याचा हा महाराष्ट्रातील एक आरंभीचा संघटित प्रयत्न होता.

सभेच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. तिचे नेतृत्व शहरी, सुशिक्षित आणि बव्हंशी वरिष्ठ जातींचे होते. सुप्याच्या बाजारातील शेतकरी व पुण्यातील अर्जदार यांच्यात फार मोठे सामाजिक अंतर होते. फुले यांनी या वर्गाच्या प्रातिनिधिकतेविषयी उपस्थित केलेले आक्षेप याच संदर्भात समजून घ्यावे लागतात.

सुपे, १२ मे १८७५

सुपे हे त्या काळी भीमथडी तालुक्यातील, आजच्या बारामती तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. शिरूर तालुक्यातील कर्डे येथे सावकारांवर बहिष्कार टाकण्याची मोहीम आधीच सुरू झाली होती. १२ मे १८७५ रोजी आठवडे बाजाराच्या दिवशी सुप्यात जमलेल्या जमावाने गुजर सावकारांची दुकाने व घरे यांवर हल्ला केला. खतपत्रे, रोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळणे हा मुख्य हेतू होता. व्यक्तींवरील हिंसाचार तुलनेने अल्प होता. लवकरच हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. एकूण ९५१ लोकांना अटक झाली आणि त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली.

१८७५ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाने आपल्या अहवालात कर्जबाजारीपणा आणि दिवाणी कायद्यांतील दोष यांवर प्रामुख्याने भर दिला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणल्याने सावकार वारंवार नवे रोखे लिहून घेत आणि व्याज मुद्दलात मिसळत असे. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र स्वतंत्र टिपण लिहून जमाबंदीच्या जबाबदारीकडे लक्ष वेधले. अहवालाचा परिणाम म्हणून १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. या कायद्याने सावकाराच्या हिशेबाची छाननी न्यायालयाकडे सोपविली. सरकारच्या हिशेबाची छाननी करणारी अशी कोणतीही तरतूद झाली नाही.

इतिहासकारांमध्ये या घटनेच्या अन्वयार्थाविषयी मतभेद आहेत. रवींदर कुमार यांनी ब्रिटिश धोरणांमुळे विस्कटलेल्या ग्रामीण समाजरचनेचा परिणाम म्हणून दंग्यांकडे पाहिले, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १८७२ मधील लेखनात नव्हे, तर शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेल्याचे प्रतिपादन केले. सरकारी कचेऱ्यांवर हल्ले झाले नाहीत, यावरून रयतेचा रोष केवळ सावकारावर होता असा निष्कर्ष काढता येतो. परंतु तो अपुरा वाटतो. साऱ्याचा हप्ता रोखीने भरण्यासाठीच अनेकदा सावकाराचे दार ठोठवावे लागे. सावकाराची वही गावात होती, हाताला लागणारी होती. सरकारची वही पुणे, मुंबई, कलकत्ता आणि लंडन येथे विखुरलेली होती. ज्या हिशेबापर्यंत रयतेचा हात पोहोचला, तो हिशेब तिने जाळला.

दुष्काळ निधी : मोडलेला शब्द

दंग्यांना दीड वर्ष होते न होते तोच १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने या परिसराला ग्रासले. जानेवारी १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुरी घटविण्यात आली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडून निषेध केला. सार्वजनिक सभेने दुष्काळी स्थितीचे वृत्तांत सरकारपुढे मांडले. नीरा डाव्या कालव्याचे काम याच काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाले आणि पुढील दशकात त्याचे पाणी बारामती व इंदापूरच्या शिवारात आले. सरकारी खर्चाचा प्रत्यक्ष लाभ दिसण्याचे हे या भागातील ठळक उदाहरण होय.

मात्र याच दुष्काळाच्या नावाने घेतलेल्या कराचा अनुभव निराळा होता. भावी दुष्काळांच्या निवारणासाठी वर्षाला पंधरा लाख पौंड, म्हणजे सुमारे दीड कोटी रुपये, राखून ठेवण्याचे आश्वासन लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दिले व त्यासाठी १८७८ मध्ये लायसन टॅक्ससारखे नवे कर बसविले. सुरतेत या कराविरुद्ध दंगल झाली. अफगाण युद्धाचा खर्च वाढताच १८७९ च्या अंदाजपत्रकात या निधीची तरतूद रोखण्यात आली. कर मात्र चालू राहिले. विशिष्ट हेतूसाठी घेतलेला पैसा अन्यत्र वळविला गेल्यास दाद कोठे मागावी, याचे उत्तर तत्कालीन व्यवस्थेत नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की इंदापूर-सुपे परिसरातील असंतोष केवळ कराच्या प्रमाणातून निर्माण झाला नाही. आकारणी, वसुली आणि खर्च या तिन्ही टप्प्यांवर रयतेला स्थान नसणे हे त्याचे खोल कारण होते. दुसरा, सनदशीर अर्ज आणि उत्स्फूर्त उठाव हे या असंतोषाचे दोन समांतर आविष्कार होते. त्यांच्यात संवाद नव्हता, तरीही १८७४ ची मर्यादा आणि १८७९ चा कायदा पाहता दोहोंच्या काळात शासनाला पाऊल मागे घ्यावे लागले. तिसरा, प्रतिनिधित्वाचा प्रश्न मुळात हिशेबाचाच प्रश्न होता. १८८४ च्या स्थानिक मंडळांच्या कायद्याने निवडणुकीचे तत्त्व मर्यादित प्रमाणात मान्य केले, ते याच दिशेचे पहिले पाऊल होय.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात परिस्थिती मूलतः बदलली. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वेतनातून कापला जाणारा हा कर आणि जिरायती गावातील मजुराचे काम यांचे नाते कायद्याने जोडले गेले. राज्याचा माहितीचा अधिकार अधिनियम २००२ चा, तर केंद्राचा २००५ चा. सिंचनावरील खर्च आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांचा मेळ बसत नसल्याची चर्चा झाली, तेव्हा २०१२ मध्ये राज्य शासनाला श्वेतपत्रिका काढावी लागली. १८६७ मध्ये असा जाब देण्याची कल्पनाही सरकारला करावी लागली नव्हती.

तथापि, हिशेब उपलब्ध असणे आणि तो वाचला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंदाजपत्रक, लेखापरीक्षण अहवाल आणि ग्रामसभेपुढील जमाखर्च हे सर्व कागद आज खुले आहेत. ते वाचणारा आणि सुपे, कऱ्हाटीसारख्या गावांतील माणसाला समजेल अशा भाषेत मांडणारा सुशिक्षित वर्ग मात्र अपुरा आहे. १८७० मध्ये पन्नास लोकांचे मुखत्यारपत्र घेऊन उभ्या राहिलेल्या वर्गाने ही जबाबदारी, त्याच्या सर्व मर्यादांसह, स्वीकारली होती. ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या विभागांनी आपल्या परिसरातील सार्वजनिक खर्चाचा अभ्यास हाती घेतल्यास ती परंपरा पुढे नेल्यासारखे होईल.