तळटीप : उळवीची कथा

१७. लेखकाने इथे ‘पुराणकथा’ हा शब्द जरा सैल हाताने वापरला आहे. मजकूर तसाच ठेवला. पण उळवीची गोष्ट पुराणकथा नव्हे, दंतकथा. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणात राजा बिज्जळाचा खून झाला, बसवण्णांच्या अनुयायांची, म्हणजे शरणांची, पांगापांग झाली आणि बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा उत्तर कन्नड जिल्ह्यात जोयडा तालुक्यातल्या उळवीच्या रानात येऊन समाधिस्थ झाले, असे सांगतात. इथे माणूस खरा, काळ ठाऊक, वाट पायाखालची. वाटेवरचे चमत्कार तेवढे सांगणाऱ्यागणिक वाढतात. गावाजवळच्या एका गुहेला ‘विभूती कणज’ म्हणतात, म्हणजे विभूतीची कणगी : आतली पांढरी माती ती शरणांची विभूती. (भूशास्त्रज्ञ चुनखडीकडे बोट दाखवील, कणगीला त्याने उणेपणा येत नाही.) उलट याच जिल्ह्यात, कुमठा तालुक्यात, याणाचे सुळके भस्मासुर जळाला त्या आगीने काळे पडले म्हणतात. तिथे सन-साल विचारायची सोयच नाही, काळ देवादिकांचा. ती पुराणकथा. उळवीला मात्र माघातल्या जत्रेसाठी धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात, आणि गाडीवान चन्नबसवण्णा कोणत्या वाटेने आले यावर वाद घालू शकतो.

— संपादक