बीभत्स, हास्य आणि ब्रिटिश परिनिरीक्षण: 'द ईव्हिल डेड' ते 'ब्रेनडेड'

रक्तरंजित भयपटांकडे केवळ नैतिक ऱ्हासाचे लक्षण म्हणून पाहणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे ठरते. सॅम रायमी यांचा 'द ईव्हिल डेड' (१९८१) ब्रिटिश परिनिरीक्षण मंडळाने काटछाट करूनच संमत केला. तरीही त्याच्या व्हिडिओ फितींवर खटले झाले. अशा फितींविषयीच्या क्षोभातून १९८४ मध्ये व्हिडिओंना प्रमाणपत्र सक्तीचे करणारा कायदा आला. याउलट, न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन यांच्या 'ब्रेनडेड' (१९९२) मध्ये नायक गवत कापण्याच्या यंत्राने चालत्या प्रेतांची खांडोळी करतो. तरी तो त्याच मंडळाने प्रौढांसाठी काटछाटीविना संमत केला. बीभत्साच्या अतिरेकातून तेथे हास्यच निष्पन्न होते. सारांश, परिनिरीक्षणात रक्ताच्या प्रमाणापेक्षा त्यामागील रसदृष्टी निर्णायक ठरू शकते.