रेडिओतला काचेचा डायोड

गिटारचा आवाज फाटलेला हवा, ही मागणी तशी विचित्रच. पूर्वी रेडिओचा आवाज फाटला की लोक मेकॅनिक गाठायचे. आता तोच फाटका आवाज मिळावा म्हणून मुलं घरी सोल्डरिंग करून पेटी बनवतात! ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात तिला. आमच्या दिघीत (खाडीपलीकडची, जंजिऱ्याजवळची, पुण्याची नव्हे) हा नाद पोचला आहे आणि त्यापायी माळ्यावरचे जुने ट्रान्झिस्टर खाली येऊ लागलेत. गाणी ऐकायला नाही हो, त्यातला ओए79 काढायला.

ओए79 म्हणजे जर्मेनियमचा छोटासा डायोड. याचं घराणं जुनं. काही स्फटिकांतून वीज एकाच दिशेने नीट वाहते हे जर्मनीत फर्डिनांड ब्राउनला 1874 मध्ये दिसलं. जगदीशचंद्र बोसांनी गॅलिना स्फटिकाच्या डिटेक्टरसाठी 1901 मध्ये अर्ज केला आणि 1904 मध्ये त्यांना अमेरिकेचं पेटंट मिळालं. पुढे 1927 च्या जुलैत मुंबई केंद्र सुरू झालं. मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून मजेत प्रवास करतात, त्यामुळे किनाऱ्यावर मुंबई भर दुपारीही स्वच्छ लागायची. आणि 1960 नंतर ट्रान्झिस्टर सेट घरोघर आले, तेव्हा लहरीतून आवाज वेगळा काढायचं काम याच काचेच्या तुकड्याकडे होतं.

जर्मेनियमच का? कारण तो 0.2-0.3 व्होल्टलाच वाट मोकळी करतो. सिलिकॉनला 0.6-0.7 लागतात, तोवर अशक्त सिग्नल बाहेरच ताटकळत राहतो. रेडिओत हा गुण क्षीण आवाज वाचवायला उपयोगी पडला. पेडलमध्ये नेमकं उलटं. दोन डायोड उलटसुलट जोडून सिग्नलवर बसवले की ठरावीक व्होल्टेजच्या वरचं टोक ते छाटून टाकतात. जितकं व्होल्टेज कमी, तितकी छाटणी लवकर. एमएक्सआरच्या डिस्टॉर्शन प्लसमध्ये जर्मेनियम होता. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरने सिलिकॉनची जोडी ॲम्प्लिफायरच्या फीडबॅकमध्ये बसवली, म्हणून तो मऊ लागतो. बॉसच्या 1977 च्या ओडी-1 ने एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकच डायोड ठेवला, म्हणजे वरची आणि खालची छाटणी मुद्दाम असमान.

म्हणून मोजायचं. मल्टिमीटरचा डायोड टेस्ट साधारण एक मिलिॲम्पियरच्या आसपास प्रवाह सोडतो आणि आकडा दाखवतो. तो आकडा अंतिम सत्य नव्हे, पण एकाच मीटरवर, एकाच बैठकीत वीस डायोड मोजले तर जोड्या छान लावता येतात. डायोड चिमटीत धरून मोजू नका. एका अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्ट उतरतात आणि कोकणातल्या मे महिन्यात बोटंही तापलेलीच असतात.

दुसरी भानगड नकलीची. जर्मेनियम म्हणून शॉट्की डायोड गळ्यात मारतात. मीटरवर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात! यावर उपाय सोपा आहे. नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. आधी 8.2 किलोओहमचा रेझिस्टर लावून डायोडवरचं व्होल्टेज मोजा (सुमारे 1 मिलिॲम्पियर), मग 820 ओहमचा लावून मोजा (सुमारे 10). शॉट्की थोडासाच वर सरकतो. जुना टोकदार तारेचा जर्मेनियम मात्र चांगलाच चढतो, कधी एका व्होल्टच्या आसपास जातो.

खात्रीचा माल जुन्या सेटमध्येच मिळतो, हे खरं. तरीही चालू सेट एका डायोडपायी फोडणं मला पटत नाही. ज्या सेटसाठी घरच्यांनी पोस्टात दरवर्षी परवान्याची फी भरली, त्याला खरखर का होईना, आवाज असेल तर राहू द्यावा. आवाजातला फरक तरी किती? ढोल-ताशात वाजवायचं असेल तर सिलिकॉनने काहीही अडत नाही. पुन्हा जर्मेनियम उन्हाळ्यात गळतो, हिवाळ्यात वेगळा वागतो.

सेट खरोखरच मेलेला असेल, गंजून पट्टी उठली असेल, तर घ्या. बोर्डावर असताना मोजू नका, बाजूचे भाग आकडा बिघडवतात. आधी एक पाय मोकळा करा. सोल्डर वितळवताना काच आणि इस्त्री यांच्यामध्ये पाय चिमट्याने धरा, उष्णता तिथेच अडेल. आणि पाय काचेच्या अगदी जवळ वाकवू नका, साठ वर्षांची काच आहे ती.