तळाच्या पायरीवरून : १९१४ चे बोस्टन ब्रेव्ह्ज आणि 'चमत्कार' या शब्दाची किंमत

१/ ४ जुलै १९१४, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये तेव्हा आठ संघ होते आणि बोस्टन ब्रेव्ह्ज हा संघ त्या दिवशी आठव्या, म्हणजे अखेरच्या स्थानावर होता. २६ विजय, ४० पराभव. अग्रस्थानी असलेल्या न्यूयॉर्क जायंट्सपेक्षा तो १५ सामन्यांनी मागे होता. तीन महिन्यांनी हाच संघ जगज्जेता ठरला. आजचा धागा या तीन महिन्यांविषयी आहे.

२/ प्रथम परिभाषा. 'इतक्या सामन्यांनी मागे' हा बेसबॉलमधला रूढ हिशेब आहे. दोन संघांच्या विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनाने भागायचे. त्या काळी प्रत्येक संघ हंगामात १५४ सामने खेळे. आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. लीगमध्ये जो पहिला येई तोच 'पेनंट'चा मानकरी आणि तोच वर्ल्ड सिरीजला पात्र. दुसऱ्या क्रमांकाला काहीच मिळत नसे. म्हणून हंगामाच्या उत्तरार्धातील चुरस हीच त्या काळची खरी बाद फेरी होती.

३/ ब्रेव्ह्जचा पूर्वेतिहास केविलवाणा होता. १९०९ ते १९१२ या चारही वर्षी संघ शेवटचा आला आणि चारही वर्षी त्याने किमान शंभर सामने गमावले. १९१३ मध्ये जॉर्ज स्टॉलिंग्ज हे व्यवस्थापक म्हणून आले आणि संघ पाचव्या स्थानावर पोहोचला. जॉर्जियाचे हे गृहस्थ गणवेश न घालता सूट घालून बाकावर बसत. ते पराकोटीचे अंधश्रद्ध होते. मैदानात कागदाचा कपटा दिसला तरी ते अस्वस्थ होत.

४/ १९१४ च्या हंगामापूर्वी शिकागो कब्जने जॉनी एव्हर्स यांना व्यवस्थापकपदावरून दूर केले आणि ते बोस्टनला आले. सेकंड बेसवरचा हा खेळाडू तिशी ओलांडलेला, किरकोळ अंगाचा आणि अत्यंत तापट होता. त्याच्या शेजारी शॉर्टस्टॉपच्या जागी होता २२ वर्षांचा रॅबिट मॅरनव्हिल, बुटका आणि विलक्षण चपळ. मैदानाच्या मध्यभागी ही जोडी जमली आणि बोस्टनचे क्षेत्ररक्षण बदलून गेले.

५/ १९ जुलैला संघाने तळ सोडला. पुढे लीगमध्ये मधल्या स्थानांवर इतकी दाटी होती की थोड्याच दिवसांत अनेक पायऱ्या एकदम चढता आल्या. याच काळात युरोपात महायुद्ध पेटले. ऑगस्टमधील बोस्टनची वृत्तपत्रे डोळ्यांसमोर आणा: एकीकडे बेल्जियममधील रणांगणाच्या बातम्या, दुसरीकडे गुणतक्त्यात रोज वर सरकणारा आपल्या शहराचा संघ.

६/ ७ सप्टेंबरला, कामगारदिनाच्या सुट्टीला, जायंट्स बोस्टनला आले. ब्रेव्ह्जचे स्वतःचे मैदान इतके लहान होते की त्यांनी रेड सॉक्सचे फेनवे पार्क मागून घेतले होते. सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन सामने झाले. दोन्हींचे मिळून सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक आले. सकाळच्या सामन्यात नवव्या डावात एव्हर्सच्या फटक्याने बोस्टनने ५-४ असा विजय खेचून आणला. समोर होते ख्रिस्टी मॅथ्यूसन, त्या पिढीतील थोर पिचर. दुपारी जायंट्सने १०-१ अशी परतफेड केली.

७/ दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, बिल जेम्स या पिचरच्या जोरावर ब्रेव्ह्ज ८-३ ने जिंकले आणि अग्रस्थानी गेले. ते स्थान त्यांनी पुन्हा सोडले नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी जॉर्ज डेव्हिस या हार्वर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या तरुणाने फिलाडेल्फिया फिलीजला संपूर्ण सामन्यात एकही हिट मिळू दिला नाही. यशाचे दिवस आले की राखीव माणसेही अशी उभी राहतात.

८/ अंतिम हिशेब: ब्रेव्ह्ज ९४ विजय, ५९ पराभव. जायंट्स ८४ विजय, ७० पराभव. वरचे सूत्र लावा: विजयांतील फरक १०, पराभवांतील फरक ११, बेरीज २१, निम्मे साडेदहा. १५ ने मागे असलेला संघ साडेदहाने पुढे गेला. ४ जुलैनंतर त्याने ६८ सामने जिंकले आणि केवळ १९ गमावले.

९/ येथवर ही कथा सर्वत्र सांगितली जाते आणि 'मिरॅकल ब्रेव्ह्ज' हे नाव देऊन संपवली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम मात्र तेथून सुरू होते. 'चमत्कार' हा शब्द उत्तर देत नाही, तो प्रश्न मिटवून टाकतो. म्हणून तीन गोष्टी तपासू.

१०/ पहिली गोष्ट प्रतिस्पर्ध्याची. ४ जुलैला ब्रेव्ह्जचे पराभव विजयांपेक्षा १४ ने जास्त होते आणि अंतर १५ सामन्यांचे होते. म्हणजे जायंट्सचे विजय पराभवांपेक्षा १६ ने जास्त असले पाहिजेत. हंगामाअखेरीस हे आधिक्य १४ वर आले. याचा अर्थ, उर्वरित हंगामात जायंट्सने जिंकले त्याहून दोन सामने अधिक गमावले. एक संघ चढत असताना दुसरा थबकला होता. टाळी दोन हातांनी वाजली.

११/ दुसरी गोष्ट पद्धतीची. स्टॉलिंग्ज यांच्याकडे अव्वल आउटफिल्डर नव्हते. म्हणून समोरचा पिचर उजव्या हाताचा असेल तर डावखुरे फलंदाज आणि डावखुरा असेल तर उजव्या हाताचे फलंदाज, असे ते आलटून पालटून खेळवत. विरुद्ध हाताच्या पिचरचा चेंडू फलंदाजाला अधिक स्पष्ट दिसतो, हे त्यामागचे साधे तत्त्व. या युक्तीचा इतका सातत्याने झालेला वापर तेव्हा नवा होता. आज ती सर्वत्र रूढ आहे. कागदाच्या कपट्याला भिणारा माणूस डावपेचांत मात्र कमालीचा विवेकी होता.

१२/ तिसरी गोष्ट किमतीची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. संघाचा भार मुख्यतः तीन पिचरांवर होता: डिक रूडॉल्फ, बिल जेम्स आणि लेफ्टी टायलर. रूडॉल्फ आणि जेम्स यांनी प्रत्येकी २६ सामने जिंकले. २२ वर्षांच्या जेम्सने त्या एका हंगामात ३३२ डावांहून अधिक गोलंदाजी केली. सामना नऊ डावांचा असतो. म्हणजे जवळजवळ ३७ पूर्ण सामने एकाच हाताने फेकले.

१३/ वर्ल्ड सिरीजमध्ये समोर कॉनी मॅक यांचा फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स होता. पाच वर्षांत चार पेनंट मिळवणाऱ्या या संघाला ब्रेव्ह्जने सलग चार सामन्यांत नमवले: ७-१, १-०, बाराव्या डावापर्यंत गेलेला ५-४, आणि ३-१. त्यांतील दोन विजय जेम्सचे, दोन रूडॉल्फचे. १३ ऑक्टोबरला सारे संपले.

१४/ नंतर काय झाले? जेम्सचा खांदा निकामी झाला. १९१५ मध्ये तो केवळ १३ सामन्यांत खेळला, १९१९ मध्ये एका सामन्यात, आणि पुन्हा कधीच नाही. त्याच्या कारकिर्दीतील एकूण विजय ३७. त्यांपैकी २६ त्या एका वर्षातले. त्या काळच्या करारातील 'रिझर्व्ह' कलमामुळे खेळाडू क्लबशी जखडलेला असे. आपल्या श्रमाचा भाव त्याला बाजारात ठरवता येत नसे. दुखापत झाली की तोटा त्याच्या एकट्याचा.

१५/ पराभूतांचीही वाताहत झाली. फेडरल लीग ही नवी स्पर्धक लीग अधिक पगाराचे आमिष दाखवत होती. मॅक यांनी एडी कॉलिन्सला ५० हजार डॉलरला विकले. बेंडर आणि प्लँक हे पिचर फेडरल लीगमध्ये गेले. १९१५ मध्ये ॲथलेटिक्सने १०९ सामने गमावले आणि तो तळाला गेला. ब्रेव्ह्ज पुढच्या वर्षी दुसरे आले, त्यानंतर तिसरे. बोस्टनमध्ये त्यांना पुढचे पेनंट मिळायला १९४८ उजाडले. १९५३ मध्ये संघाने ते शहरच सोडले.

१६/ दुबळ्याने बलाढ्याला हरवल्याच्या कथा आपल्याला आवडतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु अशी कथा वाचताना दोन प्रश्न जवळ बाळगावेत: हे कसे घडले, आणि त्याची किंमत कोणी मोजली? १९१४ च्या बोस्टनपुरते पहिल्याचे उत्तर आहे: एक नवी पद्धत, मैदानाच्या मध्यावर जमलेली एक जोडी, आणि थबकलेला प्रतिस्पर्धी. दुसऱ्याचे उत्तर आहे एका २२ वर्षांच्या तरुणाचा उजवा खांदा. 'चमत्कार' म्हटले की ही दोन्ही उत्तरे झाकली जातात.