अतिनवताऱ्यांचे अवशेष आणि आंतरतारकीय मेघ : एका तर्काच्या पडताळणीचा इतिहास

व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून केलेल्या मापनांमुळे विश्वकिरणांचा शोध लागला. त्यांचा उगम अतिनवताऱ्यांत, म्हणजेच सुपरनोव्हात असावा, असा तर्क वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये मांडला. त्यास प्रत्यक्ष पुरावा मिळण्यास सुमारे आठ दशके लागली. विश्वकिरणांत प्रामुख्याने विद्युतभारित प्रोटॉन असतात. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रात त्यांचा मार्ग वाकतो व उगमाची दिशा कळेनाशी होते, हे या विलंबाचे प्रमुख कारण होय.

येथे आंतरतारकीय मेघ महत्त्वाचे ठरतात. वेगवान प्रोटॉन मेघातील वायूवर आदळल्यास उदासीन पायॉन निर्माण होतात आणि त्यांच्या क्षयातून गॅमा किरण उत्सर्जित होतात, हे सातिओ हायाकावा यांनी १९५२ मध्येच ओळखले होते. गॅमा किरण सरळ रेषेत येत असल्याने उगमस्थान दाखवू शकतात.

अवशेषाचा आघात तरंग मेघावर खरोखर आदळतो काय, हा पुढील प्रश्न होता. गॉस व रॉबिन्सन यांना १९६८ मध्ये काही अवशेषांजवळ हायड्रॉक्सिल रेणूचे १७२० मेगाहर्ट्झचे उत्सर्जन आढळले. ते अशा आघाताचेच चिन्ह आहे, हे फ्रेल, गॉस व स्लिश यांनी १९९४ मध्ये डब्ल्यू २८ या अवशेषाच्या अभ्यासातून दाखविले. अखेर २०१३ मध्ये फर्मी दुर्बिणीच्या निरीक्षणांतून आयसी ४४३ व डब्ल्यू ४४ या अवशेषांच्या वर्णपटात पायॉन-क्षयाची खूण स्पष्ट झाली.

तात्पर्य, स्फोटाची साक्ष मेघाने दिली. तथापि आकाशगंगेतील सर्वाधिक ऊर्जेच्या विश्वकिरणांचा उगम या पुराव्याने निश्चित होत नाही. बाडे-झ्विकी यांचा तर्क त्या मर्यादेपर्यंतच सिद्ध मानणे उचित ठरेल.