घोटावड्यातलं 'अधांतर'

जत्रेत तमाशा असतो, ऑर्केस्ट्रा असतो, फार तर एखादं विनोदी नाटक. आमच्या घोटावड्यातल्या पोरांनी 'अधांतर' करायचं ठरवलं तेव्हा जाणत्यांनी पहिला प्रश्न विचारला, गाणी किती? एकही नाही म्हटल्यावर त्यांना तमाशाच्या आदली रात्र मिळाली, म्हणजे जेव्हा फारसं कुणी येत नाही ती. नेपथ्याला पैसे नव्हते. स्टेजवर चुन्याने एक चौकोन आखला होता, दहा बाय बाराचा. ही खोली. चौकोनाबाहेर पाय पडला की तुम्ही चाळीच्या गॅलरीत.

मी आजीला घेऊन गेलो होतो. ती पंचाहत्तरीच्या पुढे आहे, खुर्ची घरूनच न्यावी लागली.

जयंत पवारांचं हे नाटक 1997 साली रंगभूमीवर आलं. तुमच्यापैकी काहींनी त्यावरचा 'लालबाग परळ' हा 2010चा सिनेमा मोबाइलवर पाहिला असेल. गिरणगावातलं धुरी कुटुंब, एक खोली, आई, मुलगे, एक मुलगी. गिरण्यांचा संप होऊन गेलाय, कामं गेलीत, आणि नरू नावाचा मुलगा टोळीच्या वाटेला लागलाय. पवार स्वतः गिरणी कामगाराचे चिरंजीव. सिनेमापेक्षा नाटक मला जास्त खरं वाटतं, कारण त्यात कुणाला त्या खोलीतून फार लांब जाताच येत नाही.

धुरी कोकणातले. आमच्या पोरांच्या तोंडी ते सरळ मावळी बोलायला लागले. आजीला त्याचं काही नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत ती म्हणाली, "माणसं कोकणातली हायेत, पण खोली आपलीच हाय."

तिला हे म्हणायचा हक्क होता. मुळशी-मावळात भाताचं एकच पीक. पावसाळा सरला की बाप्ये मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी हमालीला, कुणी डबे पोचवायला. मुंबईचे डबेवाले बहुतेक आमच्या मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. आणि माणसांबरोबर इथलं पाणीही गेलं, हे शाळेत कुणी सांगत नाही. टाटांच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथे. धरण तरीही झालं. एरवी पूर्वेला, पुण्याकडे वाहणारं मुळेचं पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडलं आणि 1927पासून तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. टाटांची खोपोलीची वीज 1915पासून गिरण्यांना मिळतच होती, त्यात ही भर. घोटावडे धरणाच्या खालच्या अंगाला, म्हणून वाचलं. वरच्या गावांतला एखादा शेतकरी आपल्याच बुडालेल्या शेतावरच्या विजेने फिरणाऱ्या मागासमोर उभा राहिला असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मुंबईत आजोबा आधी गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीसेक जण, पाळीप्रमाणे झोपायचं. एक उठला की त्याच्या ऊबदार वळकटीवर दुसरा. पुढे स्वतःची खोली झाली, आजी गेली आणि तिने खानावळ घातली. गिरणगाव अशा बायकांच्या चुलीवर जगलं. 1975मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आजीकडे पंधरा जण जेवायचे. हिशेब वहीत.

18 जानेवारी 1982ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, पुढारी दत्ता सामंत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. संपाच्या इतिहासात मोर्चे असतात, वाटाघाटी असतात, खानावळीची वही नसते. आजीने दहा महिने उधारीवर जेवायला घातलं. मग चुलीवर ठेवायलाच काही उरलं नाही तेव्हा दोघं गावी परतली. वही अजून ट्रंकेत आहे. त्यातली बरीच नावं आसपासच्या वाड्या-वस्त्यांमधली. तिने कधी मागितले नाहीत आणि कुणी दिले नाहीत.

कॉलेजात एरल जॉन या त्रिनिदादच्या लेखकाचं 'मून ऑन अ रेनबो शॉल' वाचलं होतं. लंडनच्या एका वर्तमानपत्राच्या स्पर्धेत 1957 साली पहिलं आलेलं नाटक. पोर्ट ऑफ स्पेनमधलं एक अंगण, भोवती गरीब कुटुंबं, आणि इंग्लंडला जायला निघालेला एक ट्रॉलीबस ड्रायव्हर. 1948मध्ये 'विंडरश' बोट कॅरिबियन माणसं घेऊन इंग्लंडला लागली, तिथल्या कामांना हात हवे होते म्हणून. त्यांनाही खोल्या भाड्याने मिळताना नाकी नऊ आले. वाचताना ते सगळं मला फार लांबचं वाटलं होतं. माझ्या घरातच तसं नाटक बसलंय हे कळायला चुन्याचा चौकोन लागला.

मध्यंतरात मागे वळून पाहिलं. खुर्च्यांवर गावकरी, आणि मागे अंधारात उभे भाडेकरू. पिरंगुटच्या कारखान्यांत, हिंजवडीच्या बांधकामांवर जाणारे, बीड-लातूरचे, बिहारचे. वर्गणी त्यांच्याकडून घेतली होती, खुर्चीचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यात आमच्याही खोल्यांतले दोघे होते. आमच्या सहा खोल्या आहेत, पत्र्याच्या, ओळीने. नळाला पाणी सकाळी एक तास. एका खोलीत तिघांपेक्षा जास्त नकोत, हा नियम वडिलांनी केलाय, आणि वीस जणांच्या खोलीच्या गोष्टी ऐकतच ते मोठे झालेत.

दुसऱ्या अंकात पोरगं गेल्यावर आईचं काम करणारा मुलगा (हो, मुलगाच, मुली मिळाल्या नाहीत) चौकोनाच्या मधोमध नुसता बसून राहिला. मागच्या पाळण्याचं करकरणं ऐकू येत होतं. आजी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. वाकून ऐकलं तर माणसांची नावं होती, एकामागून एक, आणि प्रत्येकापुढे आकडा.

सकाळी वडील ओसरीवर भाड्याची वही घेऊन बसले होते. चौथ्या खोलीचे दोन महिने थकलेत. कंपनीने माणसं कमी केली, असं तो सांगतो.

"ऱ्हाऊ दे त्याचं," आजी म्हणाली.

"आई, तुझ्या वहीचं काय झालं ते माहीतंय मला," वडील म्हणाले, आणि चौथ्या खोलीकडे निघाले.